गाडीवर न्यायला छोटा स्टोव्ह शोधताना: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

फेब्रुवारीत नर्मदेकाठी दहा दिवस फिरायचं ठरलंय, नाशिकहून धुळे, सेंधवा, मग महेश्वर, ओंकारेश्वर, तिथून जमलं तर पचमढी. गाडी ३५० सीसी, मागे बायको, सामानाला दोन सॅडलबॅग आणि एक छोटी टेलबॅग, बस. मागच्या ट्रिपला तिसऱ्याच दिवशी ढाब्याच्या तेलकट भाज्यांनी दोघांचंही पोट बिघडलं होतं आणि पहाटे साडेपाचला निघायचं तर चहा कुठेच मिळत नाही. म्हणून यावेळी स्टोव्ह न्यायचाच. गरज एवढीच: सकाळ-संध्याकाळ दोघांचा चहा, नाश्त्याला पोहे नाहीतर अंडी, रात्री खिचडी. भांड्यांसकट सगळं एका बॅगेच्या अर्ध्या भागात मावायला हवं. मी अंबडला टूलरूममध्ये कामाला आहे, वजन-माप लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे हेही लिहून ठेवतोय, अजून कुणाला हेच करायचं असेल तर त्याचे पैसे वाचतील.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ऑनलाइन ६५० रुपयांचा घडीचा बर्नर मागवला, गॅसच्या डब्याच्या डोक्यावर बसणारा, मुठीत मावतो. गॅसचे डबे आपल्या भांडी बाजारात मिळाले, केटरिंगच्या सामानाच्या दुकानात, हेअर स्प्रेसारखे लांब, २३० ग्रॅमचे, १९० ला एक, दोन घेतले. घरी येऊन बघतो तर बसेचना. बर्नरला आटे आहेत आणि लांब डब्याला आटे नसतातच, नुसतं नोझल असतं. आट्यांचा डबा वेगळा येतो, बुटका, घुमटासारखा, तो ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि महागही पडतो. आता २८० चं अडॅप्टर मागवलंय, ते यायला आठवडा. थोडक्यात, बर्नर घ्यायच्या आधी तुमच्या रस्त्यावर कुठला डबा मिळणार ते बघा. लांब डबा फ्रिज-एसी दुरुस्तीच्या सामानवाल्याकडेही असतो कारण ते लोक तो नळ्या जोडायच्या ज्योतीच्या टॉर्चला लावतात, म्हणजे तालुक्याच्या गावातही सापडायची शक्यता जास्त, माझ्यासाठी हेच महत्त्वाचं.

२३ आणि २४ नोव्हेंबर

शनिवारी गच्चीवर पहिली चाचणी. १ लिटर पाणी, झाकण ठेवून, वारा नाही. ५ मिनिटं २० सेकंदांत खळखळून उकळी. डबा आधी आणि नंतर किचनच्या काट्यावर ठेवला, १६ ग्रॅम गॅस गेला. एकदम खूश झालो.

रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, तेच भांडं, तेवढंच पाणी. पाण्यावरून वारा येत होता, फार नाही, शर्ट फडफडेल इतका. १५ मिनिटं झाली तरी भांड्याच्या तळाला फक्त बारीक बुडबुडे, उकळी नाही. काट्यावर ३४ ग्रॅम गेलेले. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त गॅस जाळून चहाही झाला नाही! बर्नरचं तोंड आठ आण्याएवढं, त्यातून ज्योत पेन्सिलसारखी निघते आणि वारा तिला भांड्याखालून बाजूलाच घेऊन जातो. बॉक्सवर ३५०० वॅट लिहिलंय, ते या वाऱ्यात काही कामाचं नाही.

बायकोने लगेच बोट ठेवलं, "अरे, तू नुसतं पाणी उकळतोयस, पोहे करून बघ ना." केले. मधोमध रुपयाएवढा काळा डाग आणि कडेचे पोहे गार.

१ डिसेंबर, रविवार

वाऱ्याला आडोसा केला. कंपनीत भंगारात गेलेला अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा विचारून आणला, मापात कापला, बर्नर आणि डब्याभोवती पूर्ण गोल गुंडाळला. ज्योत एकदम सरळ, मस्त. चार मिनिटांनी सहज डब्याला हात लावला तर चांगलाच गरम, चटका बसावा इतका नाही पण चहाच्या कपासारखा. लगेच बंद केला.

ही चूक कृपया कुणी करू नका. डबा गार राहायला हवा. डब्यावर स्पष्ट छापलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. डोक्यावर बसणाऱ्या बर्नरला गोल आडोसा केला की भांड्यावरून परतणारी सगळी उष्णता खाली डब्यावरच येते, आत दाब वाढत जातो, पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको. पत्रा अर्धा कापला, आता तो फक्त वाऱ्याच्या बाजूला उभा राहतो आणि मागची बाजू पूर्ण मोकळी. वारा फिरला की पत्रा फिरवायचा. कटकट आहे, पण डबा गार राहतो.

७ आणि ८ डिसेंबर

घोटीमार्गे भंडारदरा, एक रात्र मुक्काम. रात्री खिचडी लावली. लांब डबा, त्यावर अडॅप्टर, त्यावर बर्नर, त्यावर दीड लिटरचं पातेलं, एकूण उंची दीड फुटाच्या आसपास आणि खाली खडकाळ उताराची जमीन. मी चमच्याने ढवळायला गेलो आणि सगळं आडवं झालं. गरम पाणी माझ्या बुटावर, तांदूळ-डाळ मातीत, आणि बर्नर आडवा पडून भडकला कारण डबा आडवा झाला की पातळ गॅस थेट बर्नरला येतो, हातभर पिवळा जाळ. बायको तेव्हा नेमकी पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेली होती, नाहीतर ती समोरच बसलेली असायची. चावी बंद करता आली हे नशीब. रात्री बिस्किटं खाऊन झोपलो.

इथेच मनातून हा प्रकार उतरला. ज्याला फक्त एका मगात कॉफीचं पाणी तापवायचंय त्याने खुशाल वापरावा. ज्याला पातेलं ठेवून ढवळायचंय त्याच्यासाठी नाही.

११ डिसेंबर, बुधवार

मधल्या काळात स्पिरिटचा छोटा पितळी स्टोव्ह आणला, ३५० रुपये, आणि रविवार कारंजाजवळच्या रंगाच्या दुकानातून १८० चं १ लिटर डिनेचर्ड स्पिरिट. वजन नाही, आवाज नाही, बिघडायला काहीच नाही. पण स्पिरिटमध्ये ताकद गॅसच्या जेमतेम निम्मी, १ लिटर पाण्याला १२ मिनिटं लागली, तीही गच्चीवर वारा नसताना.

आणि एक प्रसंग लिहायलाच हवा. भर दुपारचं ऊन होतं, ज्योत दिसेना, मला वाटलं विझली, म्हणून बाटलीतून वरून स्पिरिट ओतायला वाकलो. बायको ओरडली, "थांब! हात धर आधी वरती." हात वर धरला तर धग लागत होती, म्हणजे जळतच होता. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. ओतलं असतं तर जाळ बाटलीपर्यंत आला असता. ज्यांना हा वापरायचाय त्यांनी विझल्यासारखा वाटला तरी पाच मिनिटं हात लावू नये आणि बाटली कायम लांब ठेवावी. आम्ही हा स्टोव्ह बाद केला. उरलेलं स्पिरिट पुढे कामाला आलं.

१५ डिसेंबर, रविवार

पेट्रोलचा स्टोव्ह मिळाला, जुना, एका ट्रेकरकडून ३८०० ला. विचार असा की गाडीत पेट्रोल असतंच, मग वेगळं इंधन कशाला न्या.

घरी पेटवायला गेलो तर पिवळा जाळ आणि काजळी, गच्चीच्या भिंतीवर काळा पट्टा. पंप मारला तर हवाच धरत नव्हता. अण्णा, माझे वडील, खालून वर आले, वास आला असणार. म्हणाले, "अरे आधी बर्नर तापू दे की, गार बर्नरला पंप मारून काय होणार?" आमच्याकडे मी लहान असेपर्यंत रेशनच्या रॉकेलवरचा पितळी स्टोव्ह होता, पंचवटीतल्या एका खोलीत सगळा स्वयंपाक त्याच्यावर, आणि तो पेटवायचं काम अण्णांचंच.

त्यांनी आधी पंपाचा दांडा ओढून काढला. टोकाला चामड्याचा वायसर असतो तो वाळून कडक झाला होता, कडा आत वळल्या होत्या. खोबरेल तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन तो दोन बोटांत चोळत बसले, पाच-सात मिनिटं, कडा परत छत्रीसारख्या बाहेर येईपर्यंत. परत बसवला आणि पंपाला लगेच जोर लागायला लागला. मग म्हणाले पेट्रोलने तापवू नको, काजळी धरते, स्पिरिट आहे ना तुझ्याकडे? तारेला चिंधी गुंडाळून काकडा केला, स्पिरिटमध्ये बुडवला, पेटवून बर्नरच्या नळीखाली धरला. मी दोनदा चावी उघडायला गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी माझा हात धरला. काकडा विझत आला तेव्हा म्हणाले, "आता. अगदी थोडी." फुस्स करून निळी ज्योत लागली आणि मग तो घुमणारा आवाज सुरू झाला जो मी वीस-बावीस वर्षांत ऐकला नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत, बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिले. मग चहा टाकला.

१ लिटरला ४ मिनिटं ४० सेकंद, आणि वारा असला तरी फरक थोडाच. ताकदीत याला तोड नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पेट्रोलवाल्याबरोबर एक आठवडा काढला, आता अडचणी लिहितो.

पहिली म्हणजे गाडीतलं पेट्रोल काढायचं कसं? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना टाकीखाली कॉक असायचा, पाइप काढला की बाटली भरली. आता फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला कॉकच नाही, पंप टाकीच्या आत असतो. म्हणजे टाकीचं झाकण उघडून नळीने ओढायचं, ते मी एकदा करून बघितलं, तोंडात पेट्रोल गेलं, दिवसभर मळमळत होतं, परत करणार नाही. पेट्रोल पंपावर बाटलीत मागितलं तर दोन पंपांनी नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्याने ॲल्युमिनियमची बाटली बघून दिलं. म्हणजे "इंधन गाडीतच आहे" हा जो मोठा फायदा मी धरला होता तो माझ्या गाडीपुरता तरी खोटा निघाला.

दुसरी अडचण, मंद आच होत नाही. चावी कमी केली की फुरफुरतो आणि विझतो, परत काकडा. खिचडी खाली लागली. तिसरी, वास. बॅगेत बाटली घट्ट बंद असूनही शेजारच्या भाकरीला वास लागला, ती खाता आली नाही. शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी वायसरांना मानवत नाही, एक ओ-रिंग फुगलेली दिसली, ती बदलली.

बायकोचं म्हणणं, पेटवायला दहा मिनिटं, हात काळे, आणि पहाटे साडेपाचला लॉजच्या अंगणात एवढा आवाज करणार का आपण? तिचं बरोबर आहे.

२८ आणि २९ डिसेंबर

निफाडला मावसभावाच्या द्राक्षबागेत मुक्काम, मुद्दाम थंडी बघायला. पहाटे तंबूबाहेर माझ्या थर्मामीटरवर ६ अंश. बागेत लोक शेकोट्या पेटवून बसले होते, घडांना थंडी लागू नये म्हणून. जुना डोक्यावरचा गॅस बर्नर सोबत होता, तो पेटला पण ज्योत मलूल, तीन-चार मिनिटांत आणखी मलूल, डब्यावर दव धरलं. डब्यात गॅस अर्ध्याच्या वर होता तरी!

कारण सोपं आहे. या डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या जवळपास आला की वायू व्हायचंच सोडून देतो. हवा ६ अंश असली तरी गॅस निघताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे आत शून्याजवळ पोचतो. उपाय दोन केले. डबा ताटलीत कोमट पाण्यात उभा केला, हाताला सोसेल इतकंच कोमट, आणि ज्योत मिनिटभरात परत आली. दुसऱ्या रात्री डबा पांघरुणात पायाशी घेऊन झोपलो, सकाळी काही त्रास नाही. शेकोटीजवळ डबा नेऊन शेकायचा विचार एकाने सुचवला होता, अजिबात नाही.

थंडीमुळे तंबूतच चहा करावा असंही वाटलं. केला नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दाराबाहेर, पूर्ण उघड्यावर, कितीही थंडी असली तरी.

४ जानेवारी २०२५, शनिवार

एका दुकानदाराने रिकामे डबे घरच्या सिलिंडरवरून भरून देतो म्हणाला, ५० रुपयांत. ठामपणे नाही म्हणालो. घरच्या एलपीजीत प्रोपेनही असतो आणि प्रोपेनचा दाब त्याच तापमानाला ब्युटेनच्या चौपटीच्या आसपास. हा पातळ पत्र्याचा डबा त्यासाठी केलेलाच नाही, त्यात वरून किती भरलं हे कळायलाही मार्ग नाही. असा डबा उन्हात तापलेल्या सॅडलबॅगेत, बायकोच्या पायाशी. १४० रुपये वाचवायला हे करू नका, मनापासून सांगतोय.

५ जानेवारी, रविवार

शेवटी जे आधी घ्यायला हवं होतं ते घेतलं. पाइपवाला बर्नर, १९०० रुपये. तीन पाय पसरतात, जमिनीपासून पातेल्यापर्यंत उंची फक्त ९ सेंटिमीटर, तोंड तळहाताएवढं रुंद, आणि डबा अर्धा मीटर दूर, बाजूला. आट्यांचाच आहे पण आधीचं अडॅप्टर चालतं. डबा दूर असल्यामुळे पत्र्याचा आडोसा आता बिनधास्त जवळ लावता येतो, फक्त पाइप पत्र्याला टेकत नाही ना ते बघायचं.

पहिल्याच वेळी भडका उडाला. लांब डब्याच्या गळ्याला एक खाच असते, डबा आडवा ठेवला की ती खाच वरच्या बाजूला यायला हवी, माझी खाली होती, म्हणून वायूऐवजी पातळ गॅस पाइपात गेला. आता डब्यावर खाचेच्या रेषेत मार्करने जाड बाण काढून ठेवतो. अंधारातही टॉर्च मारली की दिसतो.

१२ जानेवारी, रविवार

गंगापूर बॅकवॉटर, तीच जागा, वारा उलट त्या दिवशीपेक्षा जास्तच. १ लिटर पाणी ६ मिनिटं ४० सेकंद, १९ ग्रॅम. नोव्हेंबरमध्ये इथेच १५ मिनिटांत झालं नव्हतं. पोहे केले, कडेपर्यंत सारखे शिजले, डाग नाही. बायकोने खाऊन बघितले आणि म्हणाली, "हाच ने."

येताना एक घोळ. डबा पाइपला लावलेलाच ठेवून बॅगेत टाकला, चावी बंद होती. घरी येईपर्यंत खड्ड्यांच्या हादऱ्यांनी चावी थोडी सैल झाली आणि अर्धा डबा रिकामा, बॅगेत सगळा वास. आता नियम: शिजवून झालं की डबा काढायचा, प्लास्टिकचं टोपण लावायचं, मगच बॅग. आणि डबे डाव्या सॅडलबॅगेत, कारण माझ्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे आहे. दुपारी गाडी उन्हात उभी करायची वेळ आली तर डबे काढून सावलीत.

२५ आणि २६ जानेवारी

सटाणा, ताहाराबादमार्गे साल्हेरच्या पायथ्याला दोन दिवस, पूर्ण सामानासह. साल्हेर १५६७ मीटर, आपल्या राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, वर चढलो पण स्टोव्ह खालीच ठेवला. दोन वेळचा चहा, पोहे, खिचडी मिळून दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास गॅस. म्हणजे २३० चा डबा चार दिवस. दहा दिवसांना तीन पुरतात, थोडा उरतोच.

खिचडीचा गॅस बायकोने कमी केला. पहिल्यांदा २५ मिनिटं मंद ठेवली तेव्हा ३५ ग्रॅम गेले होते. इथे तिने मूगडाळ-तांदूळ दुपारी चारलाच डब्यात भिजवले, गाडीवरच भिजत आले, रात्री दहा मिनिटं उकळून पातेलं झाकणासकट टॉवेल आणि चादरीत गच्च गुंडाळून ठेवलं. अर्ध्या तासाने उघडलं तर मऊ खिचडी, वाफ येत होती. गॅस २१ ग्रॅम. हे मला सुचलं नसतं.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशोब. पहिला बर्नर ६५०, अडॅप्टर २८०, स्पिरिट स्टोव्ह आणि स्पिरिट ५३०, पेट्रोल स्टोव्ह ३८००, पाइपवाला १९००, आतापर्यंत ९ डबे १७१०. एकूण ८८७० रुपये आणि जवळपास तीन महिने. आज कुणी थेट घ्यायला गेला तर पाइपवाला, अडॅप्टर आणि तीन डबे, २७५० मध्ये काम होतं. परतीला गाडी रेल्वेने पाठवायचा विचार असेल तर डबे आधीच संपवा नाहीतर कुणाला देऊन टाका, रेल्वेत गॅस नेता येत नाही.

पेट्रोलचा स्टोव्ह विकायला काढला होता, एकाने ३५०० सांगितलेही. अण्णांनी विकू दिला नाही. म्हणाले उंचावर, बर्फात जाशील तेव्हा तुझा गॅस मान टाकेल, तेव्हा हाच लागेल. स्पिती डोक्यात आहेच, त्यामुळे मीही पुढे बोललो नाही. सध्या ते रोज संध्याकाळी गच्चीवर त्याच्यावर चहा करतात, वायसर दर रविवारी तेल लावून ठेवतात.

आम्ही शुक्रवारी पहाटे निघतोय. डबे तीन, बाण काढून झालेत, काडेपेटी दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, पत्रा टॉवेलमध्ये गुंडाळून. मूगडाळ अर्धा किलो अजून आणायचीय.